खलाशी आणि अधिकारी यांच्या मधला माणूस : रशियन नौदलातल्या वरिष्ठ स्तार्शिनाची तीनशे वर्षं

रशियन नौसैनिकाचा हुद्दा त्याच्या खांद्यावरची पट्टी पाहून पटकन कळतो. मात्रोस म्हणजे साधा खलाशी. त्याची पट्टी कोरी. एक बारीक आडवी सोनेरी फीत असेल तर वरिष्ठ मात्रोस, दोन असतील तर द्वितीय श्रेणीचा स्तार्शिना, म्हणजे खलाशांवरचा नायक, तीन असतील तर प्रथम श्रेणीचा. त्यापुढे बारीक फिती जातात आणि एकच रुंद आडवी फीत येते. तो ग्लाव्नी स्तार्शिना, म्हणजे मुख्य स्तार्शिना. शेवटच्या पायरीवर हीच रुंद फीत उभी होऊन पट्टीच्या लांबीभर जाते. तो ग्लाव्नी कोराबेल्नी स्तार्शिना, म्हणजे जहाजाचा मुख्य स्तार्शिना. खलाशी म्हणून भरती झालेल्या माणसाची शिडी इथे संपते. याच्यावर मिचमन असतो, पण त्याचा वर्गच वेगळा. त्याच्यावर अधिकारी.

लष्करातल्या स्तार्शिनाच्या तोडीचा हा हुद्दा 1971 च्या फेररचनेतून आला आणि रशियाच्या लष्करी सेवेच्या कायद्यात आजही तो जसाच्या तसा आहे. तरीही रशियन नौदलाच्या कथा-कादंबऱ्यांत, सिनेमांत, अपघातांच्या हकिकतींत तो फारसा भेटत नाही. तिथे भेटतो तो बोत्समन, म्हणजे डेकचा मुकादम; नाहीतर मिचमन, नाहीतर थेट कप्तान. पन्नास वर्षं कागदावर असलेल्या सर्वोच्च स्तार्शिनाची आठवण एवढी पुसट का?

याचं उत्तर एका हुद्द्याच्या इतिहासात सापडत नाही. तीनशे वर्षं मागे जावं लागतं. त्या काळात रशियन राज्यकर्त्यांना खलाशी आणि अधिकारी यांच्या मधला जाणता माणूस हवाही होता आणि त्याची धास्तीही होती. तो जरा वजनदार झाला की कधी त्याचं पद वरच्या वर्गात नेलं गेलं, कधी रद्द झालं, कधी वेगळ्या खोलीत बसवलं गेलं. खाली उरलेल्या जागेला मग नवं नाव मिळालं. ग्लाव्नी कोराबेल्नी स्तार्शिना हे त्या नावांपैकी सर्वांत अलीकडचं.

पीटरचा ताफा, परदेशी बोत्समन

कायमचं नौदल उभारण्याचा ठराव रशियात ऑक्टोबर 1696 मध्ये झाला. जहाजं बांधता येत होती, पण ती चालवणारी माणसं नव्हती. पीटर पहिला 1697-98 मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा हॉलंडमध्ये खलाशी, तांडेल आणि कारागीर यांची घाऊक भरती झाली. नॉर्वेत जन्मलेला आणि डच नौदलात वाढलेला कॉर्नेलियस क्रुइस याच सुमारास रशियाच्या सेवेत आला आणि पुढे अॅडमिरल झाला. त्यामुळे रशियन जहाजांवरचे सुरुवातीचे अनेक बोत्समन परदेशी होते आणि हुद्द्यांची नावंही डच-इंग्रजी वळणाची राहिली: बोत्समन, त्याचा मदतनीस बोत्समनमात, त्याखाली क्वार्टरमास्टर.

1720 च्या नौदल संहितेने प्रत्येकाचं काम नेमून दिलं. दोरखंड, नांगर आणि शिडांची दोरकामं बोत्समनच्या ताब्यात. माणसांना वेळेवर डेकवर आणणं आणि कामाला लावणंही त्याच्याकडेच. 1722 ची दर्जांची सारणी मात्र त्याच्या डोक्यावरून गेली. चौदा वर्गांच्या त्या सारणीत शिरलेल्याला सरकारी माणूस म्हणून मान होता आणि पुरेसं वर चढल्यास खानदानी दर्जाही मिळत होता. बोत्समन त्या रेषेच्या खाली राहिला. त्याच्याशिवाय जहाज बंदराबाहेर पडत नसे, पण सारणीत त्याला स्थान नव्हतं.

मिचमनची कथा याच काळात सुरू होते. 1716 मध्ये हा हुद्दा आला तेव्हा तो अधिकाऱ्यांखालचा होता. 1732 मध्ये तो उचलून अधिकारी वर्गात टाकला गेला. 1751 ते 1758 ही मधली वर्षं वगळता 1917 पर्यंत मिचमन हा नौदलातला पहिला अधिकारी हुद्दा राहिला: कॅडेट कॉर्प्समधून बाहेर पडलेल्या, बहुधा उमराव घराण्यातल्या पोराचा. खालच्या माणसांच्या शिडीची वरची पायरी काढून ती वरच्यांच्या शिडीची पहिली पायरी करण्याचा हा पहिला प्रकार. पुढे उलट दिशेनेही हेच घडणार होतं.

चाबकाकडून यंत्राकडे

शिडांच्या काळात नौदलात आलेला शेतकरी आयुष्यभरासाठी यायचा. 1793 मध्ये ही मुदत 25 वर्षांवर आली. एवढ्या काळात माणूस आपोआप अनुभवी व्हायचा, त्यामुळे जाणत्या बोत्समनांची वाण नव्हती. त्यांचा अधिकार मात्र बराचसा दोरीच्या टोकावर आणि शिव्यांवर चालायचा. अॅडमिरलचा मुलगा असलेला आणि 1860 च्या सफरीवर स्वतः गेलेला लेखक कोन्स्तान्तिन स्तान्युकोविच याने आपल्या सागरी कथांत हे बोत्समन जवळून रंगवले आहेत: हात सैल, तोंड त्याहून सैल, पण वादळात अख्खं डेक ज्यांच्या आवाजावर चालायचं असे. एप्रिल 1863 मध्ये जहाजावरची चाबकाची क्रूर शिक्षा बंद झाली. तिच्यावर पोसलेली जरब कशाने भरून काढायची, हा प्रश्न तेव्हापासून उभा राहिला.

क्रिमियाच्या युद्धात सेवास्तोपोलच्या वेढ्यात (1854-55) खलाशी जहाजं सोडून तटबंदीवर लढले. रात्रीच्या छाप्यांमुळे प्योत्र कोश्का या खलाशाचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. पराक्रमाबद्दल त्याला पदक मिळालं आणि क्वार्टरमास्टरचा हुद्दाही. शेतकऱ्याच्या मुलाला रणांगणावर मिळू शकणारी बढती साधारण तेवढीच होती.

1874 च्या सक्तीच्या भरतीच्या कायद्याने नौदलातली प्रत्यक्ष सेवा सात वर्षांची केली. त्याच काळात जहाजं बदलत होती. वाफेची इंजिनं, पाणसुरुंग, टॉर्पेडो, विजेची यंत्रं आणि मग बिनतारी संदेश. दोर ओढणारा शेतकरी आता पुरेना. वाचता येणारा, गिरणी-कारखान्यात हात बसलेला तरुण हवा होता. नौदलाने तसे तरुण वेचले, क्रोनश्टाट आणि सेवास्तोपोलच्या प्रशिक्षण केंद्रांत तयार केले आणि तोफा, सुरुंग, इंजिनं त्यांच्या हाती दिली. मुदत संपल्यावर त्यांतले काही स्वखुशीने राहत. परीक्षा देऊन ते कोन्दुक्तोर होत. तांत्रिक शाखांतल्या खालच्या माणसाला मिळणारा हा सर्वोच्च हुद्दा.

मोठ्या युद्धनौकेवर कोन्दुक्तोरांची बसायची-जेवायची जागा वेगळी असे. अधिकाऱ्यांच्या वॉर्डरूममध्ये त्यांना प्रवेश नव्हता आणि खालच्या डेकवरच्या सामायिक टेबलाशी ते बसत नसत. मुंबईच्या कापडगिरणीतल्या जॉबरची आठवण व्हावी अशी ही अवस्था: मशीन त्याच्या भरवशावर चालायचं, मालक त्याला आपला मानत नसे आणि कामगार त्याच्याकडे संशयाने पाहत.

1905 ते 1921 : वाचता येणाऱ्यांचं बंड

जून 1905 मध्ये काळ्या समुद्रात ‘पोतेम्किन’ युद्धनौकेवर अळ्या पडलेल्या मांसावरून बंड झालं, हे आयझेनश्टाइनच्या सिनेमामुळे जगाला माहीत आहे. बंडाचे दोन म्होरके कोण होते ते मात्र पाहण्यासारखं आहे. ग्रिगोरी वाकुलेनचुक तोफखान्याचा हवालदार दर्जाचा माणूस होता आणि अफानासी मात्यूशेंको सुरुंग-यंत्र शाखेचा क्वार्टरमास्टर. पहिला सुरुवातीलाच मारला गेला. दुसऱ्याने नौका ओदेसाहून रुमानियाच्या कोन्स्तांत्सा बंदरापर्यंत नेली. 1907 मध्ये तो रशियात परतला, पकडला गेला आणि सेवास्तोपोलमध्ये फासावर गेला. यंत्र हाती देण्यासाठी राज्याने ज्यांना शिकवलं, त्यांनीच पत्रकंही वाचली होती. या मधल्या माणसाची राज्याला वाटणारी धास्ती अगदीच निराधार नव्हती.

1905 च्याच मे महिन्यात त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानने रशियन ताफा बुडवला. ‘ओर्योल’ या युद्धनौकेवर अलेक्सेय नोविकोव्ह नावाचा भांडारी होता. जपानी कैदेत असताना त्याने सोबत्यांच्या आठवणी टिपायला सुरुवात केली आणि पुढे नोविकोव्ह-प्रिबोय या नावाने ‘त्सुशिमा’ लिहिली. या पुस्तकाला 1941 मध्ये स्तालिन पारितोषिक मिळालं. अॅडमिरलांच्या अहवालांत न सापडणारी खालच्या डेकची नजर त्यात आहे: तोफ कोण भरत होतं, आग कोण विझवत होतं, कोणत्या बोत्समनवर माणसांचा विश्वास होता आणि कोणत्यावर नव्हता.

फेब्रुवारी 1917 च्या क्रांतीत बाल्टिक ताफ्यात अधिकाऱ्यांच्या हत्या झाल्या. त्यांच्याबरोबर काही कोन्दुक्तोर आणि बोत्समनही मारले गेले. राग वर्गावर होता आणि मधला माणूस कोणत्या वर्गात मोडतो हे त्या दिवसांत त्याच्या वागणुकीवर ठरलं. डिसेंबर 1917 मध्ये सोव्हिएत सरकारने सगळे हुद्दे रद्द केले. बाल्टिकचा खलाशी पावेल दिबेंको नौदलाचा कारभार पाहू लागला. मिचमन हा अधिकारी हुद्दा बाकीच्यांबरोबर इतिहासजमा झाला.

तीन वर्षांनी तोच ताफा नव्या राज्यावर उलटला. मार्च 1921 मध्ये क्रोनश्टाटच्या खलाशांनी गुप्त मतदानाने सोव्हिएतांच्या नव्या निवडणुका मागितल्या. त्यांच्या क्रांतिकारी समितीचा अध्यक्ष स्तेपान पेत्रिचेंको हा ‘पेत्रोपाव्लोव्स्क’ युद्धनौकेवरचा वरिष्ठ लेखनिक होता. हाही लिहिता-वाचता, हाताखाली माणसं असलेला, अधिकारी नसलेला. लाल सैन्याने गोठलेल्या समुद्रावरून चालत जाऊन 18 मार्चपर्यंत बंड मोडलं. पेत्रिचेंको फिनलंडला निसटला. झारच्या आणि बोल्शेविकांच्या राजवटीत इतर कशातही साम्य नसेल, पण शिकलेल्या खलाशाकडे सावधपणे पाहण्याचा धडा दोघांनाही त्याच ताफ्याने दिला.

हुद्दा गेला, गरज राहिली

समतेच्या काळात माणूस पदाने ओळखला जायचा, हुद्द्याने नाही. पण नव्या जहाजाला जुना हात लागतोच. 1935 मध्ये वैयक्तिक हुद्दे परत आले तेव्हा नौदलाच्या खालच्या नेतृत्वाला दोनच पायऱ्या मिळाल्या: तुकडीचा नायक आणि स्तार्शिना. अॅडमिरल कुझ्नेत्सोव्ह नौदलाचा प्रमुख असताना 1940 मध्ये ही शिडी पुन्हा बांधली गेली. द्वितीय श्रेणीचा स्तार्शिना, प्रथम श्रेणीचा, मग ग्लाव्नी स्तार्शिना आणि 30 नोव्हेंबर 1940 पासून सर्वांत वर मिचमन. झारच्या काळी अधिकाऱ्यांच्या शिडीची पहिली पायरी असलेला मिचमन आता खालच्यांच्या शिडीची शेवटची पायरी झाला. तो बहुधा मुदतीनंतर स्वखुशीने राहिलेला, कसलेला बोत्समन असे. 1716 मध्ये तो जिथून निघाला होता, साधारण तिथेच परतला.

हीच शिडी महायुद्धाला सामोरी गेली. ग्लाव्नी स्तार्शिना येकातेरिना द्योमिना नौदलाच्या पायदळात परिचारिका होती. लेनिनग्रादची ही अनाथ मुलगी वय वाढवून सांगून 1941 मध्ये सैन्यात शिरली होती. डिसेंबर 1944 मध्ये दान्यूबकाठच्या इलोक किल्ल्याजवळ तिची तुकडी एका पूरग्रस्त बेटावर अडकली. ती स्वतः जखमी होती. बर्फाळ पाण्यात घायाळ सैनिक बुडू नयेत म्हणून तिने त्यांना पट्ट्यांनी आणि पडतळ्यांनी झाडांच्या फांद्यांना बांधलं, असं तिच्याबद्दल सांगितलं जातं. तिच्या सर्वोच्च सन्मानाची शिफारस युद्धकाळात मान्य झाली नाही; ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब तिला 1990 मध्ये मिळाला.

पूर्वेकडे, 18 ऑगस्ट 1945 रोजी कुरील बेटांतल्या शुम्शूवर उतरताना ‘सेवेर’ या तळनौकेचा बोत्समन निकोलाय विल्कोव्ह आणि खलाशी प्योत्र इलिचोव्ह यांनी जपानी मशीनगनची खिडकी आपल्या अंगाने झाकली. विल्कोव्हचा हुद्दा प्रथम श्रेणीचा स्तार्शिना. युद्धकाळात खालच्या शिडीतले हुद्दे भराभर चढत गेले, कारण वरचे मरत होते. शांतता आली तेव्हा मात्र मधल्या जाणत्या माणसाचा जुना प्रश्न परत दारात आला.

1961 : के-19 चा अणुभट्टी कक्ष

सोव्हिएत नौदलाची पहिली क्षेपणास्त्रधारी आण्विक पाणबुडी के-19 अटलांटिकच्या उत्तर भागात होती. 4 जुलै 1961 रोजी अणुभट्टीच्या प्राथमिक शीतक परिपथात गळती झाली. गाभ्याचं तापमान चढू लागलं आणि पर्यायी शीतकव्यवस्था पाणबुडीवर नव्हती. तिथल्या तिथे नळ्या जोडून पाणी पोहोचवायचं ठरलं. त्यासाठी माणसांना आळीपाळीने किरणोत्सारी कक्षात जावं लागणार होतं. त्यांच्याकडे त्या कामाला पुरेल असं संरक्षण नव्हतं. जोडणी झाली, पाणबुडी वाचली. किरणोत्साराने आठ जण पुढच्या काही आठवड्यांत गेले.

त्यांच्या हुद्द्यांची यादी बोलकी आहे. दोन अधिकारी: लेफ्टनंट बोरिस कोर्चिलोव्ह आणि कॅप्टन-लेफ्टनंट युरी पोव्स्त्येव. तीन मात्रोस. आणि स्तार्शिनांच्या तीन पायऱ्यांवरचा प्रत्येकी एक: ग्लाव्नी स्तार्शिना बोरिस रिझिकोव्ह, प्रथम श्रेणीचा युरी ओर्दोच्किन, द्वितीय श्रेणीचा येव्गेनी काशेन्कोव्ह. संकटात कक्षात कोण शिरतं याचं उत्तर या यादीत आहे. ज्याला तो पाइप कुठून कुठे जातो हे ठाऊक असतं, तो. आण्विक नौदलात ही माहिती स्तार्शिनांपर्यंत उतरली होती. ती तिथे टिकवायची कशी, ही पुढची अडचण.

1971 ची फेररचना आणि एक मोकळा हुद्दा

1967 च्या लष्करी सेवेच्या कायद्याने भरतीची मुदत घटवली. भूदलात तीनाची दोन वर्षं झाली, जहाजांवर चाराची तीन. नौदलासाठी हे गणित कठीण होतं. सक्तीने आलेल्या मुलाचं पहिलं अर्धं वर्ष प्रशिक्षण केंद्रात जायचं. तिथून तो जहाजावर यायचा. यंत्र नीट समजेपर्यंत घरी जायची वेळ जवळ येत असे. स्तार्शिनाही बहुतांशी यांच्यातलेच, एक-दोन वर्षांनी मोठे. यंत्रं मात्र अणुभट्ट्या आणि क्षेपणास्त्रं झाली होती.

18 नोव्हेंबर 1971 च्या आदेशाने यावर तोडगा काढला. भूदलात प्रापोर्शिक आणि नौदलात मिचमन असा एक स्वतंत्र वर्ग 1 जानेवारी 1972 पासून अस्तित्वात आला. मुदतीनंतर राहणाऱ्यांची जुनी पद्धत बंद झाली. त्यांच्याऐवजी खास शाळेतून बाहेर पडलेला, करारावर वर्षानुवर्षं राहणारा मिचमन आला. त्याच्या खांद्यावर तारे आले, जहाजावर त्याला वेगळी वॉर्डरूम मिळाली. 1981 मध्ये त्यावर वरिष्ठ मिचमन ही पायरीही चढवली गेली.

मिचमन वर गेला तेव्हा स्तार्शिनांच्या शिडीचं टोक रिकामं झालं. ते भरायला ग्लाव्नी कोराबेल्नी स्तार्शिना हा हुद्दा काढला गेला. भूदलात स्तार्शिना हा हुद्दा होताच आणि दोन्ही दलांच्या पायऱ्या जुळवणं भाग होतं. म्हणजे या हुद्द्याचा जन्म जहाजावरच्या एखाद्या कामातून झालाच नाही. तो तक्त्यातली चौकट भरण्यासाठी झाला. बोत्समन हे काम आहे. के-19 सारख्या नौकेवरचा स्तार्शिना आपल्या यंत्रगटाचा प्रमुख, हेही काम आहे. जहाजाच्या मुख्य स्तार्शिनाकडे त्याच्या नावाशी जोडलेलं असं वेगळं काम नव्हतं. तीन वर्षांत घरी जाणाऱ्या मुलाला तिथवर पोहोचायला वेळ नसे, आणि ज्याला राहायचं असे तो मिचमनची शाळा पकडत असे. वाट पाहावी असा हा टप्पा क्वचितच कुणासाठी होता.

मिचमनचं वजन, मिचमनची टिंगल

पाणबुडीवर नव्या वर्गाने खरी कामगिरी केली. पाण्याखालच्या नौकेत बोत्समनची जागा डेकवर नसते. तो आडव्या सुकाणूंशी बसतो. खोलीदर्शकावर डोळे ठेवून नौका हव्या त्या खोलीवर धरून ठेवणं हे त्याचं कसब, आणि ते वर्षांनीच येतं. ही जागा मिचमनची झाली. ‘कोम्सोमोलेत्स’ ही पाणबुडी 7 एप्रिल 1989 रोजी नॉर्वेजियन समुद्रात आगीनंतर बुडाली. बचावकुपीत शिरलेल्यांपैकी एकटा वाचला तो मिचमन विक्तर स्ल्युसारेंको. एकूण 42 जण गेले.

सोव्हिएत पद्धतीचं टोक पाहायचं तर ‘प्रकल्प 705’ च्या टायटॅनियमच्या पाणबुड्या पाहाव्यात. अतिस्वयंचलित अशा या नौकांवर तिसाच्या आसपास माणसं असत आणि ती जवळपास सगळी अधिकारी. मधला माणूस तयार होत नाही, तर त्याची गरजच काढून टाकू, असा हा विचार. त्याच काळातल्या अमेरिकन ‘लॉस एंजेलिस’ वर्गाच्या पाणबुडीवर सव्वाशेहून अधिक माणसं असत आणि त्यांत अधिकारी साधारण पंधरा. उरलेल्यांचा कणा म्हणजे चीफ पेटी ऑफिसर. अमेरिकेने हा हुद्दा 1893 मध्ये निर्माण केला आणि त्याचा मान सतत जपला.

पृष्ठभागावरच्या जहाजांवर मिचमनची प्रतिमा मिश्र राहिली. तो कोठाराच्या किल्ल्या सांभाळायचा, रंगाचे डबे आणि गणवेश वाटायचा. माल गायब झाला की पहिलं नाव त्याचं. खलाशांच्या बोलीत त्याला ‘संदूक’ म्हणायचे. दरम्यान खालच्या डेकवर खरी सत्ता सेवेची वर्षं चालवत होती. नवा आलेला तो ‘मासा’. शेवटच्या वर्षातला तो ‘गोदोक’, म्हणजे जुना. झाडलोट, भांडी, मार, सगळं वरून खाली उतरायचं. स्तार्शिनाच्या फितींपेक्षा सेवेचे उरलेले महिने जास्त मोजले जात. हुद्दा कागदावर आणि अधिकार दुसऱ्याच हिशेबाने, अशी ही दुहेरी व्यवस्था होती.

या मधल्या वर्गाला एकदा फार उघडपणे कौल द्यावा लागला. 8 नोव्हेंबर 1975 रोजी रिगा बंदरात ‘स्तोरोझेवोय’ या पाणबुडीविरोधी जहाजावर राजकीय अधिकारी वालेरी साब्लिन याने कप्तानाला कोंडलं. खलाशांना ‘पोतेम्किन’ हा सिनेमा दाखवला जात होता. दुसरीकडे साब्लिनने अधिकारी आणि मिचमन यांना एकत्र बोलावून ब्रेझनेव्हच्या राजवटीविरुद्ध भाषण केलं आणि मत सांगायला त्यांच्यापुढे पटावरच्या सोंगट्या ठेवल्या. पांढरी म्हणजे सोबत, काळी म्हणजे विरोध. काहींनी पांढरी उचलली, काहींनी काळी. काळी उचलणाऱ्यांना कोंडून ठेवलं गेलं. सकाळपर्यंत विमानांनी जहाज थांबवलं. साब्लिनला ऑगस्ट 1976 मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. सत्तर वर्षांपूर्वी ‘पोतेम्किन’वर मधल्या माणसांनी बंड पेटवलं होतं, इथे त्यांना सोंगटी निवडायला लावणारा स्वतः अधिकारी होता.

रद्द, मग परत

सोव्हिएत संघ संपल्यावर भरतीची मुदत आणखी घटली आणि 1 जानेवारी 2008 पासून सक्तीची सेवा एकाच वर्षाची झाली. बारा महिन्यांत युद्धनौकेवर कुणी स्तार्शिना होत नाही. संरक्षणमंत्री सेर्द्युकोव्ह यांच्या सुधारणांनी उत्तर म्हणून प्रापोर्शिक आणि मिचमन वर्गच रद्द करायला घेतला. सैन्यदलांत असे सुमारे 1,42,000 लोक असल्याचं जनरल स्टाफचे प्रमुख मकारोव्ह यांनी सांगितलं होतं. काही आज्ञापदांवर घेतले गेले, काहींना सार्जंट-स्तार्शिना म्हणून करारावर राहायला सांगितलं गेलं, बाकी घरी गेले. त्यांच्या जागी व्यावसायिक सार्जंट आणि स्तार्शिना येणार होते. रियाझानच्या हवाई छत्रीधारी दलाच्या शाळेत त्यासाठी 2 वर्षं 10 महिन्यांचा अभ्यासक्रमही सुरू झाला.

कल्पना वाईट नव्हती. तिच्यात ग्लाव्नी कोराबेल्नी स्तार्शिनाला प्रथमच खरा आशय मिळण्याची शक्यता होती. क्रम मात्र उलटा लागला. नवे तयार होण्याआधी जुने गेले. अनुभव एकदा जहाज सोडून गेला की तो परत बोलावता येत नाही. नवे मंत्री शोयगू यांनी 2013 मध्ये मिचमन आणि प्रापोर्शिक परत आणले, सुमारे 55,000 पदांसह आणि कोठारांऐवजी तांत्रिक व लढाऊ कामं देण्याच्या घोषणेसह. स्तार्शिनांच्या शिडीचं टोक पुन्हा 1972 च्या जागी आलं. एप्रिल 2022 मध्ये काळ्या समुद्रात ‘मोस्क्वा’ ही क्रूझर बुडाल्यावर काही पालकांनी आपली सक्तीने भरती झालेली मुलं तिच्यावर होती, असं उघडपणे सांगितलं. बारा महिन्यांसाठी भरती होणाऱ्या मुलांचा प्रश्न तोवर संपलेला नव्हता.

तीच यंत्रं, वेगळी शिडी

भारतीय वाचकाला इथे एक थेट तुलना करता येते. भारतीय नौदलाची पहिली पाणबुडी ‘कलवरी’ 8 डिसेंबर 1967 रोजी रिगा बंदरातच ताफ्यात आली. त्यानंतरच्या दशकांत मुंबई आणि विशाखापट्टणमच्या तळांवर सोव्हिएत पाणबुड्या, क्षेपणास्त्र नौका आणि विनाशिका आल्या. ‘विक्रमादित्य’ 2013 मध्ये सेवेरोद्विन्स्कला ताफ्यात दाखल झाली. यंत्रं तिकडची, पण माणसांची शिडी भारताने आपली ठेवली: लीडिंग, पेटी ऑफिसर, चीफ आणि त्यावर मास्टर चीफच्या दोन श्रेणी. चीफचा दर्जा लष्करातल्या नायब सुभेदाराच्या बरोबरीचा, वरच्या मास्टर चीफचा सुभेदार मेजरच्या. तो खलाशी म्हणून भरती होतो, पंधरा-वीस वर्षं त्याच कामात मुरतो आणि वर चढताना त्याला आपला वर्ग बदलावा लागत नाही.

ही शिडीही धगीतून गेलेली आहे. 18 फेब्रुवारी 1946 रोजी मुंबईच्या ‘तलवार’ या संदेशन प्रशिक्षण केंद्रावर सुरू झालेल्या संपाच्या समितीत सिग्नलमन एम. एस. खान आणि पेटी ऑफिसर टेलिग्राफिस्ट मदन सिंग हे पुढे होते. तांत्रिक शाखेतला शिकलेला खलाशी इथेही राज्यकर्त्यांसमोर उभा राहिला. स्वतंत्र भारताने त्यावरून मधली पायरी मोडली नाही.

रशियाचा इतिहास दुसऱ्या वाटेने गेला. मिचमन वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला, काढला आणि परत ठेवला. प्रत्येक फेरीत त्याच्याखाली राहिलेल्या स्तार्शिनाच्या वाट्याला उरलेली जागा आली. मिचमनमुळे आण्विक पाणबुड्या चालल्या, हे खरं आहे आणि त्या वर्गाचं महत्त्व नाकारता येणार नाही. पण ज्या माणसाला अनुभव मिळाला की लगेच दुसऱ्या वर्गात पाठवलं जातं, त्याच्या मूळ वर्गाला अनुभवी पुढारी कधीच मिळत नाही. खालच्या डेकवर सेवेचे महिने मोजणाऱ्यांचं राज्य टिकलं, त्यामागे हे कारण मोठं आहे.

आता रशियन नौदल करारावरच्या खलाशांवर अधिकाधिक विसंबून आहे. त्यामुळे ग्लाव्नी कोराबेल्नी स्तार्शिनापर्यंत पोहोचायला लागणारी वर्षं निदान उपलब्ध आहेत. पुढचं तीन साध्या गोष्टींवर ठरेल: या हुद्द्याला जहाजावर ठरावीक काम आणि त्या कामापुरता अंतिम शब्द मिळतो का, मिचमन न होताही पगार आणि घर वाढत जातं का, आणि चांगला स्तार्शिना वर जाण्यासाठी शिडी सोडतो की त्याच शिडीच्या टोकाला राहतो. या तिन्हींचं उत्तर बदललं नाही, तर पुढच्या फेररचनेतही नवी नावं येतील, पट्टीवरची फीत पुन्हा आडवीची उभी होईल, आणि जहाजाचा मुख्य स्तार्शिना कायद्याच्या यादीत असेल तेवढाच जहाजावर असेल.